आईंच्या वेणीतली सुरमई

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी माझ्यापुढे परातीत एक अख्खी सुरमई ठेवली आणि विचारलं, "कापता येते?"

मला येत नव्हती. माझं माहेर मूळचं नागपूरचं. आजोबांची सरकारी कचेरी भोपाळला हलली आणि तिच्यामागोमाग आमचं घरही. आमच्याकडे मटण व्हायचं, तेही डोळ्यांतून पाणी काढणारं. पण मासा म्हटलं की माझी आई घशात काटा अडकलेल्या कुठल्याशा मामांची गोष्ट सांगायला लागायची. मी म्हटलं, "शिकून राहिली आहे, आई."

"शिकून राहू नकोस," त्या म्हणाल्या, "शीक." आणि विळी माझ्याकडे सरकवली.

सासूबाईंना मी पहिल्या दिवसापासून आई म्हणते आणि सासऱ्यांना बाबा. दोघं रत्नागिरीकडचे. बाबा इथे भोपाळच्याच सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, निवृत्त झाल्यावर त्यांनी बाग सेवनियात घर घेतलं, आणि समुद्रापासून इतक्या लांब येऊनही आईंनी समुद्र काही सोडला नाही. मुंबईहून गाडीने बर्फात येणारा मासा कुठल्या वारी उतरतो, कोणत्या दुकानात आधी पोचतो, हे त्यांना पाठ होतं. रोहू, कटला वगैरे तळ्यातल्या माशांना त्या मासा म्हणायला तयार नसत. पाहुण्यांना सुरमई. पाहुणे जवळचे असतील तर मोरीचं मटण. मोरी म्हणजे शार्क, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. तोवर मी दोनदा वाढून घेतली होती.

घरात चार माणसं, पण मासा खाणारे खरे दोनच. आई आणि माझा नवरा. मी काट्यांना भिऊन कडेकडेने खायची, बहुतेक वेळा रश्श्यावरच भागवायची. आणि बाबांनी मासा सोडला होता. गल्लीतल्या निवृत्त मंडळींचं संध्याकाळचं भजन असतं. तिथून एक दिवस ते आले, जेवायला बसले, तळलेला तुकडा वाटीने बाजूला सारला आणि म्हणाले, "आजपासून आपलं बंद." आई थक्क झाल्या. मग त्यांनी रत्नागिरी, पुणे, ठाणे असे सगळीकडे फोन केले. "ह्यांनी सोडलं हो. मनावर घेतलं की घेतलं." आवाजात असं कौतुक की माझा नवरा मला म्हणाला, आईने बाबांबद्दल एवढं चांगलं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकतोय.

मी एका लहानशा प्रयोगशाळेत काम करते. डाळ, मसाला, तेल, दूध, जे येईल त्यात नको ते किती आहे ते मोजायचं. एका वर्षी आमच्याकडे पारा मोजायचं नवं यंत्र आलं. टेबलावर मावेल एवढंच. त्याला करंगळीएवढी निकेलची नाव, म्हणजे होडीच्या आकाराची वाटी, असते. तिच्यात नमुना ठेवायचा, नाव आत सरकते, नमुना जळतो आणि काही मिनिटांत पडद्यावर आकडा उमटतो. मला ते यंत्र फार आवडलं. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, आधी हात बसू दे, मिळेल ते जाळून बघ. मी तांदूळ जाळले, चहा जाळला, बाजारातल्या माशांचे तुकडे जाळले. सुरमईचा आकडा इतरांच्या कितीतरी वर गेला, तेव्हा पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास नणंद पुण्याहून आली. तिला पहिलेच दिवस गेले होते. रीतीप्रमाणे ती सातव्या महिन्यात यायची, पण तिकडे तिच्या पोटात काही ठरेना म्हणून चौथ्यातच आली. इथे आल्यावर आठवड्याभरात ओकाऱ्या थांबल्या आणि डोहाळे लागले. कशाचे? माशाचे! आईंचा आनंद काय सांगू. शुक्रवारी सुरमई, रविवारी सुरमई, मधल्या वारी मोरी. नणंद मिटक्या मारत खायची आणि आई समोर बसून तिचं तोंड बघत राहायच्या.

महिनाभर मी गप्प बसले. नवी सून होते असं नाही, पण मासा हा माझा प्रांत नव्हता. शेवटी एका रविवारी, सगळे ताटावर असताना, म्हणजे अगदी चुकीच्या वेळी, मी तोंड उघडलं.

"आई, तिला सुरमई इतकी नको द्यायला."

"का? ताजी आहे. डोळे बघून घेतलीय मी."

"ताजी आहेच. पण मोठी आहे."

"मोठी आहे म्हणून नको?"

मग मी सगळं सांगितलं. पाण्यात पारा असतो तो अगदी नावापुरता. तो बारीक शेवाळात शिरतो. शेवाळ खाणारे किडे ते ढीगभर खातात, छोटा मासा ते किडे खातो, त्याच्याहून मोठा मासा त्या छोट्यांना. खाल्लेलं पचून जातं, पारा मात्र लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो. सुरमई, मोरी हे शिकारी मासे, वर्षानुवर्षं जगतात, म्हणून त्यांच्यात सगळ्यात जास्त. एरवी चालून जातं, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो चांगला नाही. "मासे बंद करा असं नाही म्हणत मी. मासे तिला हवेतच. फक्त हे मोठे नकोत."

नणंदेचा हात ताटातच थांबला. आई म्हणाल्या, "तीन पाण्यांनी धुते मी."

"धुऊन जात नाही, आई."

"कोकमाचं आगळ लावून ठेवते."

"त्यानेही नाही."

"तळल्यावर?"

"तो मांसातच असतो. कशानेच जात नाही."

आई उठल्या. स्वतःचं ताट त्यांनी सिंकमध्ये ठेवलं आणि पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकीला मी आपल्या हाताने विष वाढतेय."

बाबांनी तेवढ्यात आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "मी तर केव्हाच सोडलंय."

पुढचे दोन दिवस घरात पिठलं झालं. आई माझ्याशी बोलत होत्या, नाही असं नाही. "कूकर लावलाय." "दूध उतू जाईल." एवढंच. मी चुकीचं बोलले नव्हते, पण ताटावर बोलले होते, आणि तेही नणंदेच्या समोर. माझं मलाच वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आई मागच्या अंगणात उन्हात केस वाळवत बसल्या होत्या. त्यांचे केस कमरेपर्यंत आहेत, आता पांढरेच जास्त, पण दाट. खोबरेल तेलाशिवाय त्यांना आजवर काही लागलेलं नाही. मी कपडे वाळत घालत होते. मागून आवाज आला.

"तुझ्या त्या यंत्रात माणूस घालता येतो का?"

मी वळून पाहिलं. त्या विंचरतच होत्या.

"अख्खा नाही येत," मी म्हटलं. "केस चालतात."

"केसांत काय कळतं?"

"खाल्लेल्या माशाचा पारा थोडा थोडा केसांत उतरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे टोकाकडे जुनं आणि मुळाकडे आत्ताचं. तुकडे करून मोजलं तर कोणत्या महिन्यात किती, तेही दिसतं."

आईंचा कंगवा थांबला. "माझे केस कमरेपर्यंत आहेत."

"हो ना."

"म्हणजे चार-पाच वर्षांचं सगळं ह्यात लिहिलेलं असेल." त्यांनी बट हातात धरून उन्हात बघितली, जणू अक्षरं दिसतील. मग म्हणाल्या, "काप. पण मागून काप, आतून. दिसायला नको."

मी मानेजवळून पेन्सिलीएवढी जाड बट कापली आणि मुळाची बाजू ओळखू यावी म्हणून तिकडे लाल दोरा बांधला. तेवढ्यात नणंद आली, तिनेही दिली. नवऱ्याने संध्याकाळी मंडीदीपहून कारखान्यातून आल्यावर डोकं पुढे केलं. तुलनेला माझे स्वतःचे घेतले. राहिले बाबा.

"माझे कशाला?" बाबा म्हणाले. "मी खातच नाही. आणि केस तरी कुठे उरलेत?"

"म्हणूनच हवेत," आई म्हणाल्या. "सोडल्यावर माणूस किती स्वच्छ होतो ते दिसू दे सगळ्यांना."

बाबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. आईंनी माझ्या हातातली कात्री घेतली, पाय न वाजवता त्यांच्या खुर्चीमागे गेल्या आणि मानेवरच्या झालरीतून कच्चकन एक चिमूट कापून घेतली. बाबा असे दचकले की पेपर फाटला. नणंद पोट धरून हसली. दोन दिवसांनी घरात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कामाला लागले. केस धुतले, वाळवले, आईंच्या बटेतले अलीकडच्या दोन वर्षांचे तुकडे केले, वजन करून एकेक नावेत ठेवले. आकडे येत गेले तसे आलेखाच्या कागदावर ठिपके देत गेले. माझे ठिपके तळाशी. आईंचे बरेच वर, आणि तेही चढउतार करत. नवऱ्याचे त्यांच्याच आसपास. घाबरून दवाखाना गाठावा असे नव्हते. पण पोटुशी बाईने त्या वाटेला जाऊ नये, असे होते. नणंदेच्या केसांत पुण्याचे महिने खाली होते आणि मुळाजवळचा शेवटचा तुकडा एकदम वर. त्या ठिपक्याभोवती मी पेन्सिलीने गोल काढला. मग स्वतःला समजावलं, बरं झालं वेळेत बघितलं.

शेवटी बाबांची चिमूट. आकडा आला आणि मला वाटलं मी पुड्या अदलाबदल केल्या. उरलेल्यातले परत जाळले. तेच. नाव तापवून साफ केली, रिकामी चालवली, शून्याजवळ आली, पुन्हा बाबांचे केस. तेच. आईंच्या खाली, पण माझ्या खूपच वर. दीड वर्षापूर्वी मासा सोडलेल्या माणसाच्या मानेवरचे केस, जे जेमतेम गेल्या दोन महिन्यांत उगवलेले!

मी मॅडमना हाक मारली. म्हटलं, यंत्र बिघडलं बहुतेक. त्यांनी सगळे कागद पाहिले, कोणाचे केस ते विचारलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "मशीन झूठ नहीं बोल रही. ससुरजी बोल रहे हैं."

संध्याकाळी बाबा फिरायला निघाले तेव्हा मीही चप्पल घातली. कॉलनीच्या बागेला आम्ही एक अख्खी फेरी मारली. दुसऱ्या फेरीला तेच म्हणाले, "निघालं का काही?"

"निघालं."

"किती?"

"आठवड्यातून दोनदा तरी असावं, असं वाटतंय."

बाबा बाकावर बसले. "मंगळवार आणि गुरुवार," ते म्हणाले. "होशंगाबाद रस्त्याला एक बंगाली माणूस आहे, दोन टेबलांची खाणावळ. मी आणि कारखान्यातला एक जुना मित्र. बँकेचं काम आहे म्हणून निघतो."

"पण मग सोडलं कशाला होतं?"

"त्या दिवशी खरंच सोडलं होतं गं. भजनात मासे-मटण सोडायला सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. तीन आठवडे टिकलो. चौथ्याला सांगणारच होतो तुझ्या आईला की नाही जमत. पण तोवर तिने ठाण्यापर्यंत फोन केले होते." त्यांनी बाकावरचं वाळकं पान झटकलं. "बेचाळीस वर्षांत माझं इतकं कौतुक नव्हतं केलं तिने. मला ते परत करवेना."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. म्हटलं, "बाबा, आई कागद घेऊन बसणार आहेत आज. सगळ्यांची नावं आहेत त्यावर. मी खोटं सांगणार नाही, पण आधी तुम्ही बोललात तर मला बोलावं लागणार नाही."

घरी येताना ते नेहमीपेक्षा सावकाश चालले.

जेवणं झाल्यावर आईंनी टेबल पुसून कोरडं केलं आणि चष्मा लावून बसल्या. मी आधी त्यांचाच कागद पसरला. वर महिने लिहिले होते. त्यांनी बोट ठेवलं. "हा खड्डा कसला?"

"तुम्हीच सांगा. आषाढ-श्रावणाच्या पुढचा आहे."

"अगोबाई!" त्यांचा चेहरा उजळला. "श्रावण दिसतो होय ह्यात?"

दिसत होता. पावसाळ्यात तिकडे किनाऱ्यावर मासेमारी बंद. त्यात इथल्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, तेव्हापासूनच दुकानं ओस. ते सुटतात तर आपला श्रावण निम्म्यावर आलेला. त्यामुळे भोपाळात आईंचा उपास आपोआप लांबतो. दोन वर्षांचे दोन खड्डे, एकसारखे. आईंनी लेकीला बोलावून दाखवले. "बघ. म्हणत होतीस ना, आई श्रावणात चोरून सुकट खाते म्हणून? बघ हे. साक्ष आहे."

"आणि हा डोंगर?" नणंदेने विचारलं.

आईंनी महिने मोजले. "हे भाच्याचं लग्न. आठ दिवसांसाठी गेले आणि तीन महिने राहिले. काय सुरमई यायची तेव्हा! वहिनी दारातच घ्यायची, होडीतून उतरलेली..." बोलता बोलता त्या थांबल्या. डोंगराच्या टोकावर बोट तसंच राहिलं. "म्हणजे हे सगळं तिथलंच. माझ्यात येऊन बसलेलं."

मग त्यांनी स्वतःच दुसरा कागद ओढला, लेकीचा. तिथे समजावून सांगायला फार काही नव्हतं. खालचे ठिपके आणि शेवटचा वरचा.

"हा इथे आल्यानंतरचा?"

"हो, आई."

"बाळाला काही..."

"डॉक्टरांना आपण हा कागद दाखवू. पण महिना-दीड महिन्याचंच आहे आणि आता थांबतोय आपण. आपोआप उतरेल. तुमचा नाही का श्रावणात उतरला?"

आईंनी बराच वेळ कागदावरून हात फिरवला. मग लेकीच्या डोक्यावरून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी मी ताट सोडून उठले, ते माझं चुकलं."

"माझंही चुकलं. ताटावर बोलायचं नव्हतं."

"बोलायलाच हवं होतं. जरा आधी बोलायला हवं होतं." आणि डोळे पुसून चष्मा परत चढवला. "चला. आता ह्यांचा दाखव. जरा चांगलं काहीतरी बघू."

मी फायलीत कागद शोधल्यासारखं केलं. बाबा खुर्चीत सरळ बसले, घसा साफ केला. कारखान्यात मीटिंगमध्ये असेच बसत असतील.

"मी खातो," ते म्हणाले.

"काय खाता?"

"मासे."

माझा नवरा आत जायला उठला होता, तो अर्धा उठलेला तसाच राहिला.

"कधीपासून?"

"सोडल्यावर तीन आठवड्यांनी."

"कुठला मासा?"

"पढीन, इकडचा तो मोठा शिकारी मासा. कधीतरी रोहू."

"तळ्यातला?" आईंचा आवाज चढला. "करतं कोण?"

"एक बंगाली आहे. होशंगाबाद रस्त्याला."

"कशात करतो?"

बाबांनी मान खाली घातली. "मोहरीच्या तेलात."

"शी!" आई इतक्या मनापासून म्हणाल्या की नणंद फिस्सकन हसली. "दीड वर्ष! मी इथे एकटी बसून सुरमई गिळतेय, घास उतरत नव्हता कधी कधी, की ह्यांना समोर आमटी-भात आणि आपण खातोय. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं करायचं सोडलं मी, कारण ते ह्यांच्याइतकं कोणाला आवडत नाही. आणि हे तिकडे मोहरीच्या तेलात!"

"तू फोन केले होतेस सगळ्यांना," बाबा म्हणाले. "मला तुझं नाक कापायचं नव्हतं."

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. टेबलावर डोकं टेकवून, चष्मा हातात घेऊन, खोकला येईपर्यंत हसल्या. बाबाही हळूहळू हसू लागले, आधी भीत भीत, मग मोठ्याने. आम्ही सगळेच. नणंद म्हणाली, "पुरे आता, माझ्या पोटात तोही उड्या मारायला लागलाय."

त्या रविवारी आई बाजारात गेल्या तेव्हा मला बरोबर घेतलं. नेहमीच्या मासेवाल्याने सवयीने सुरमई पुढे केली. "माताजी, एकदम ताजी."

"छोटावाला दिखाओ," आई म्हणाल्या.

"छोटी सुरमई?"

"सुरमईच नको. नहीं चाहिए. जो हाथ में बैठे वो मछली." त्यांनी तळहात पसरून दाखवला. बिचारा गोंधळला. त्याने मांदेली काढली, तारली काढली, कोपऱ्यातले बांगडे काढले. बांगडा हातात बसत नव्हता, शेपूट बाहेर जात होतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "बांगडा चालेल. तो शिकारी नाही, आणि फार वर्षं जगतही नाही." आईंनी सहा बांगडे घेतले, पिशवीत तिरफळं आधीपासूनच होती.

त्या दुपारी बाबा जेवले ते मी विसरणार नाही. बोलले एक अक्षर नाही. तीनदा भात घेतला. आणि मी मांदेली खाल्ली, कुरकुरीत तळलेली, काट्यासकट. तिचा काटा काढायचाच नसतो. मामांची गोष्ट मी कितव्या मांदेलीला विसरले कोण जाणे.

पुढे आईंनी हा विषय असा काही ताब्यात घेतला की माझ्याकडे काही उरलं नाही. नणंदेच्या डोहाळजेवणाला गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांतल्या अर्ध्या अंडंही न खाणाऱ्या. आईंनी त्यांनाही समजावलं. मी सांगत होते तेव्हा शेवाळ आणि किडे असं काय काय बोलत होते. आईंनी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली. "हे बघा. चहा निघून जातो, डाग राहतो. रोज थोडा. मासा म्हणजे अशी गाळणी. आणि मोठा मासा असल्या हजार गाळण्या गिळून बसलेला." बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर घरी जाऊन गाळणी घासली म्हणे.

डॉक्टरांनी कागद बघून काळजीचं कारण नाही म्हटलं, लहान मासे मात्र सुरू ठेवायला सांगितलं. ते आईंनी डॉक्टरांची सही असल्यासारखं पाळलं. नणंदेला दिवस भरल्यावर मुलगी झाली, गुटगुटीत, आणि रडायला लागली की तीन घरं पलीकडे ऐकू जावी अशी. सव्वा महिन्याने नणंद पुण्याला गेली, तेव्हा तिच्या सासूला आईंनी फोनवर अर्धा तास गाळणी समजावली.

राहिलं बाबांचं भजन. तिथेही खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मला म्हणाले, एकदा सुटलोय, आता कुठलंच ओझं नको. संध्याकाळी ते गेले, आणि आम्ही सासू-सुना ओट्यावर भाजी निवडत वाट बघत बसलो, की आता ह्यांना काढून टाकतात की काय. तासाभराने परत आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?" आईंनी विचारलं.

"आधी सगळे गप्प. मग पेटीवाले म्हणाले, मी तर मुलाकडे गेलो की ऑम्लेट खातो. मग तबलेवाल्यांनी कबाब कबूल केले. भजन राहिलं बाजूला."

रविवारी साडेबाराला दारावरची बेल वाजली. पेटीवाले उभे होते, इस्त्रीचा सदरा, हातात स्टीलचा डबा. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून आत बघत त्यांनी हळूच विचारलं, "भाभीजी, आज छोटीवाली बनी है क्या?"

आईंनी आतूनच ओरडून सांगितलं, "डब्बा रख दो और हाथ धो लो. गरम गरम यहीं खाके जाओ."